उभा होता, घुटमळत होता

हिवाळा सरत आला असताना, एका रविवारी दुपारी, जेवणाची भांडी उचलली गेल्यावर, नदीच्या अलीकडच्या काठावर पोलिस वसाहतीच्या भिंतीला लागून असलेल्या नानांच्या घराच्या दर्शनी खोलीत चार माणसे बसली होती आणि पाचवीची वाट पाहत होती.

या घरात वादांची वाण कधीच नव्हती. ताटातल्या मिठापासून चिमीच्या लग्नापर्यंत प्रत्येक गोष्टीवर येथे दोन पक्ष पडले होते, आणि पक्ष बदलणाऱ्याला निदान वर्षभर टोमणे खावे लागले होते. परंतु त्या दुपारी जो प्रश्न पुढ्यात होता, त्याच्या दोन बाजू लख्ख दिसत असूनही कोणालाच बाजू घेण्याची हौस नव्हती. नानांच्या थोरल्या मुलाने, जो शहरात फौजदार होता, मागच्या आठवड्यात आपल्या सख्ख्या भाच्यावर गोळी झाडली होती. भाचा जगला. मात्र खांद्यातून आरपार गेलेल्या गोळीने जाता जाता कुठलीशी नस तोडली होती, आणि त्याच्या उजव्या हाताची बोटे मिटत नव्हती. तो लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर होता. ज्याची बोटे मिटत नाहीत त्याला पाना धरता येत नाही, एवढे समजायला वैद्यक शिकावे लागत नाही.

चौकशी दुसऱ्या दिवशी होती. चौकशी अधिकारी नानांचाच जुना विद्यार्थी. त्याने सकाळी फोन केला होता आणि आवाजात जुना आदर आणून म्हटले होते, "नाना, तुम्ही एकदा त्याचा जबाब ऐकून घ्या. चहाच्या सुमाराला मी पुन्हा फोन करतो. उजेड अपुरा होता असं तुम्ही म्हणालात, की मला पुढे कुणाला विचारायचं कारण उरणार नाही. फक्त चिमीताईंनी तक्रार नाही म्हणावं."

नानांनी हयातभर पोलिस प्रशिक्षण शाळेत एकच विषय शिकवला होता: जबाब कसा द्यावा आणि कसा घ्यावा. त्यांची एक पद्धत होती, तिला ते 'जबाब धुणे' म्हणत. शिकाऊ पोलिसाने पाहिलेली घटना उभ्याने सांगायची आणि नानांनी एकेक शब्द पिळून पाहायचा. डोळ्याला दिसले तेवढे ठेवायचे; मनाने भरलेले सांडून द्यायचे. "तो पळाला हे दिसतं. तो निसटला हे दिसत नाही, ते तू ठरवतोस," असे ते सांगत, आणि बापये घाम पुसत. शाळेत त्यांना 'धोबी' म्हणत, हे त्यांना ठाऊक होते. त्याचा त्यांना मनातून अभिमानच होता.

आज ते मुलाचा जबाब धुणार होते. स्वच्छ धुतलेला जबाब कुठेही टिकतो, अशी त्यांची श्रद्धा होती. आणि मुलगा वाचावा, अशी इच्छा. या दोन गोष्टी परस्परांच्या आड येतील, असे त्यांना त्या वेळेपर्यंत वाटले नव्हते.

चिमी, नानांची मुलगी आणि त्या भाच्याची आई, आली ती पहिली पाळी संपवून, दवाखान्यावरून. ती शहर वाहतुकीची बस चालवीत असे. तिची बस दिवसभर पुलावरून अलीकडे-पलीकडे करी. अंगात निळा गणवेश तसाच होता. पायऱ्या चढताना तिने नेहमीप्रमाणे खोकून वर्दी दिली नाही, हे नानांच्या ध्यानात आले.

"वन्सं, आधी दोन घास खाऊन घ्या," फौजदाराची बायको, म्हणजे चिमीच्या वहिनी, उठत म्हणाल्या.

"जेवले मी."

"कुठे?"

"दवाखान्याच्या पायरीवर. वहिनी, बसा तुम्ही. पाहुण्यासारखं करू नका, नाहीतर मलाही पाहुणीसारखं वागावं लागेल."

ती भिंतीकडच्या खुर्चीवर बसली. कापडी पिशवी तिने मांडीवर घेतली आणि तिचे बंद मुठीत धरून ठेवले.

"जावई आले नाहीत?" नानांनी विचारले.

"ते त्याच्या उशाशी आहेत. म्हणाले, तू जा, तुझं माहेर आहे. माझं काय आहे तिथे?"

जावई वेल्डर होता, पुलाच्या कठड्यांवर काम करताना चिमीला भेटलेला, आणि पलीकडचा. 'पलीकडचा' हा शब्द या शहरात भूगोलापुरता राहिलेला नव्हता. पलीकडचे लोक वर्णाने गडद, केसांनी कुरळे; अलीकडच्यांनी त्यांच्याविषयी जे जे मानले होते ते सारे त्या एका शब्दात बसत असे. चिमीने लग्नाचे काढले तेव्हा नानांनी वर्षभर तिच्याशी अबोला धरला होता, आणि तिच्या बाजूने बापाशी भांडला होता तो हाच फौजदार. पुढे मुलगा झाला. त्याला पाहून नाना विरघळले आणि त्यांनीच त्याचे लाडाचे नाव 'मुंगळा' ठेवले, कारण तो एका जागी ठरत नसे, आणि कारण तो काळा होता. थोरल्याचा मुलगा पिठासारखा गोरा, म्हणून 'पिठू'. दोन्ही नावे सर्वांना आवडली. दोघे भाऊ एका ताटात जेवून वाढले.

तोच पिठू आता खिडकीपाशी उभा होता आणि त्याचा बाप मधोमध, हात पाठीमागे बांधून. उभे राहूनच जबाब द्यायचा, हा नानांचा नियम.

"चिमे," फौजदार म्हणाला, "तुला ठाऊक आहे, मी..."

"मला ठाऊक आहे दादा. तू त्याला खांद्यावर घेऊन पूर दाखवायला नेलं होतंस. सायकल तूच शिकवलीस. मी ते ऐकायला आले नाही. तक्रार नाही असं मी म्हणावं, हे हवंय ना तुम्हाला? म्हणेनही कदाचित. पण उद्या तिथे जे सांगणार आहेस ते आधी माझ्यासमोर सांग."

"वन्सं, त्यांची अवस्था तरी बघा," वहिनी म्हणाल्या. "आठ दिवसांत अन्न गेलं नाही पोटात."

"वहिनी, माझ्या पोराला मी भरवते. चमच्याने. तो बावीस वर्षांचा आहे."

वहिनींनी पदर सावरला. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शाळेत तास सुरू होण्याची ती खूण होती.

"सांग," ते म्हणाले.

फौजदाराने घसा साफ केला. आवाज सरकारी झाला. "सायंकाळी गस्तीवर असताना सराफ गल्लीत घरफोडीच्या प्रयत्नाची खबर मिळाली होती. पलीकडचे दोन इसम, एवढंच वर्णन होतं. गल्लीत शिरताच बंद सराफी दुकानाच्या शटरपाशी माझा मुलगा उभा असल्याचं दिसलं. त्याच्या शेजारी एक अनोळखी इसम घुटमळत होता. मी गाडीतून उतरून हटकलं. त्या इसमाने वळून हातातलं लोखंडी हत्यार उगारलं. उजेड अपुरा होता. मुलाच्या जिवाला धोका दिसल्याने मी एक गोळी झाडली."

त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लिफ्ट अडकली होती, मुंगळा तिच्यासाठी आला होता, रखवालदार किल्ली आणायला गेला होता आणि काम उरकले की सिनेमाला जायचे म्हणून पिठू सोबत थांबला होता, हे आता घरातल्या सर्वांना माहीत होते. त्या वेळी गल्लीत ते फक्त दोघांना माहीत होते.

"चल, धुऊ," नाना म्हणाले. "पिठू काय करत होता?"

"उभा होता."

"आणि दुसरा?"

"घुटमळत होता."

"म्हणजे हलत होता? दोन पावलं पुढे, दोन मागे?"

"नाही. तसा... शटरला लागून होता."

"उभा?"

फौजदार थांबला. "उभा."

"मग उभाच म्हण. घुटमळणं डोळ्याला दिसत नाही. वकील पहिल्या प्रश्नाला तुला तिथेच धरेल." नानांचा स्वर मदतीचा होता. एक डाग काढला, कापड सुधारले, एवढेच त्यांना वाटले. "दोघे उभे होते. पुढे. हत्यार उगारलं म्हणतोस. काय होतं?"

"पाना."

"पान्याला हत्यार म्हणू नकोस, पाना म्हण. उगारला म्हणजे काय केलं?"

"हात असा वर केला." त्याने उजवा हात खांद्याच्या वर नेला, तळवा उघडा.

नानांनी तो हात पाहिला. चिमीनेही पाहिला. फौजदाराने तो हळूच खाली घेतला.

"तर मग वर केला," नाना म्हणाले. पण या वेळी स्वरात मदत थोडी कमी होती. "शेजारी दोन माणसं उभी होती, त्यातल्या एकाने पाना धरलेला हात वर केला. एवढं उरलं. म्हणजे तुझा सगळा भार आता उजेडावर. दिवे?"

"गल्लीच्या तोंडाशी एक होता. दुकानापाशी नव्हता."

"चेहरे दिसत नव्हते?"

"नव्हते. दोघांची पाठ होती माझ्याकडे."

"ठीक. हे चांगलं आहे. याला धरून राहा." नाना पुढे झुकले. असे मजबूत वाक्य हाती आले की विद्यार्थ्याला ते त्याच्याभोवती दोन खांब आणखी उभे करायला लावीत. "चेहरा दिसत नव्हता, पाठ होती. मग तो पिठू आहे हे कशावरून ओळखलंस? हे विचारतीलच. तयार ठेव."

"स्वेटरवरून," फौजदार तत्काळ म्हणाला. या प्रश्नाचे उत्तर खरे होते, आणि खरे उत्तर देताना माणसाला जो हुरूप येतो तो त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर आला. "हिने विणलेला. पाठीवर मोहरीच्या रंगाचा आडवा पट्टा आहे. गाडीच्या दिव्यात तो चमकला. हजारात ओळखेन मी तो."

वहिनी ताठ झाल्या, हे नानांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले. त्या नवऱ्याकडे पाहत नव्हत्या. चिमीच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहत होत्या.

"सूनबाई?"

"काही नाही, नाना."

"वहिनी," चिमी शांतपणे म्हणाली, "दवाखान्यात कापडं कापून काढली त्याची. उरलं ते मला दिलं. दाखवू, की तुम्ही सांगता?"

वहिनींचा या घरातला लौकिक असा होता, की नवऱ्याविरुद्ध त्यांनी चारचौघांत कधी भाजीच्या भावाबद्दलही ब्र काढला नव्हता. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मी दोन विणले होते," त्या म्हणाल्या. "एका लोकरीचे. एका मापाचे. थंडी सुरू झाली तेव्हा दोघांना इथेच घालून बघितले, आणि तुम्ही म्हणालात, आता पाठीमागून कोणता कोण कळायचं नाही. हसलात तुम्ही. आठवतंय?"

फौजदारही आता पिशवीकडे पाहू लागला.

"मीच सांगितलं होतं मुंगळ्याला तो घालून जायला," त्या पुढे म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी फोन केला, की संध्याकाळी गार वारं सुटतं."

नानांना आता थांबायला हवे होते. बाप म्हणून ते थांबलेही असते. परंतु उभ्या जन्माची सवय जिभेवर बसलेली होती आणि तिला नाती कळत नव्हती.

"गाडीच्या दिव्यात पट्टा चमकला, म्हणालास. किती पट्टे चमकले?"

"मला एकच दिसला."

"दोन होते."

"नाना, मला एकच दिसला. शपथेवर सांगतो. मी खोटं बोलत नाही."

"तू खोटं बोलत नाहीस, हे दिसतंय मला," नाना म्हणाले. "म्हणून विचारतोय. पिठूचा पट्टा पाहिलास आणि पिठू ओळखलास. शेजाऱ्याकडे पाहिलंस तेव्हा काय दिसलं? मन घालू नकोस त्यात. फक्त डोळा."

फौजदाराने डोळे मिटले. तो खरोखर आठवू लागला. बाहेर वसाहतीच्या मैदानात कोणी मोटारसायकल चालू करण्याच्या खटपटीत होते आणि ती होत नव्हती.

"मान," तो अखेर म्हणाला. "मान आणि केस. काळी मान, कुरळे केस. त्यानंतर..." त्याने डोळे उघडले. "त्यानंतर मी काही पाहिलंच नाही, नाना. त्यानंतर मला धोका दिसला."

"धोका दिसत नसतो."

"मला दिसला. तुमच्यासमोर आत्ता मी उभा आहे, इतका लख्ख." त्याचा सरकारी आवाज कुठल्या कुठे गेला होता. "चिमे, मी तुझ्या लग्नासाठी नानांशी भांडलोय. वसाहतीत कुणी तुझ्या नवऱ्याला उद्देशून काही बोललं तर कॉलर धरलीय मी. माझ्या मनात तसलं काही नाही. तू मला ओळखतेस."

"ओळखते ना," चिमी म्हणाली. "तुझ्या मनात काही नाही, हे मीही शपथेवर सांगेन. मन गाडीतच बसून राहिलं असेल तुझं. उतरले ते डोळे. आणि डोळ्यांना कुणी शिकवलं?" तिने बापाकडे मान वळवली. "पुलावरून येणाऱ्याकडे दोनदा पाहा. हे कोणाचं वाक्य, नाना? लहानपणी मी दाराआडून पाठ केलंय ते. तुमच्या मुंगळ्याकडे तुमच्या पोराने दोनदा सोडा, एकदा पाहिलं असतं तरी चाललं असतं."

नानांनी उत्तर शोधले. ते वाक्य त्यांचेच होते, आणि त्यामागे त्यांनी अनुभव, आकडे, सावधगिरी असे पुष्कळ काही रचून ठेवलेले होते. वर्गात ते सारे पुरत असे. आता त्यातला एकेक शब्द त्यांनी स्वतःच पिळून पाहिला, आणि हाती पाणी तेवढे आले. मुंगळा हे नावसुद्धा त्यांना तोंडात नीट धरवेना.

"वाद पुरे," फौजदार खालच्या आवाजात म्हणाला. "चुकलं माझं. पण उजेड तरी कमी होता की नाही? एवढं तर खरं आहे? तेवढ्यावरच माझी नोकरी आहे. नोकरीच का, उद्या खटला भरला तर..." त्याने मुलाकडे पाहिले. "पिठू, तू होतास तिथे. तू सांग ना."

पिठू खिडकीपासून हलला नाही. "मला कुणी विचारलं नाही आठ दिवसांत," तो म्हणाला. "आई म्हणाली, बाबांना त्रास देऊ नकोस. चौकशीचे साहेब म्हणाले, तुझा जबाब नंतर घेऊ."

"आता विचारतोय मी," नाना म्हणाले.

"बाबांची गाडी वळली तेव्हा आम्ही पाठमोरे होतो. बाबा ओरडले. आवाज कळला नाही मला; दिवे डोळ्यांवर आले, म्हणून मी मान खाली घातली. तो वळला. त्याने डोळ्यांवर हात आडवा धरला आणि बघितलं. आणि हसला." पिठूने ओठ चावला. "म्हणाला, अरे, मामा आहे. मग हात वर केला. आपण पुलावर बसमधल्या आत्याला करतो तसा."

चिमीने मान हलवली. हे तिला नवे नव्हते. "शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य हेच होतं त्याचं," ती म्हणाली. "आई, मामाने ओळखलं नाही का गं मला? मी तर ओळखलं होतं."

ती मोटारसायकल अखेर चालू झाली आणि निघून गेली. फौजदाराने मागे हात नेऊन खुर्ची चाचपली. ती तिथे नव्हती. तो तसाच उभा राहिला. वहिनी उठल्या. त्या नवऱ्याकडे जातील असे सर्वांना वाटले. त्या चिमीच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. चिमीने तो झटकला नाही, धरलाही नाही.

"मी तक्रार करणार आहे की नाही, हे मलाच ठाऊक नाही, दादा," ती म्हणाली. "पण उजेड नव्हता असं कुणी लिहून घेतलं, तर माझं पोर जन्मभर अंधारात उभं राहील. ते मी होऊ देणार नाही."

फोन वाजला.

तो नानांच्या हाताशीच होता. त्यांनी तो लगेच उचलला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर दोन मुले होती आणि दोन्ही त्यांच्याच रक्ताची होती. एकाची बोटे मिटत नव्हती. दुसऱ्याच्या अंगावरची वर्दी आता त्यांच्या एका वाक्यावर टांगलेली होती. आणि त्या वाक्यातला खोटेपणा इतका लहान होता, इतका सवयीचा, की त्यांच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी जबाबांत तो बसून गेला असेल आणि त्यांना दिसलाही नसेल. उजेड अपुरा. त्यांनी तो शब्द कितीदा शिल्लक ठेवला होता? कितीजणांची पाठ आणि मान त्या शब्दाखाली झाकली गेली होती?

"नाना," फौजदार म्हणाला. हाक लहानपणीची होती. पुढे त्याने काही मागितले नाही.

नानांनी फोन कानाला लावला. पलीकडून चौकशी अधिकाऱ्याचा आवाज अदबीने म्हणाला, "ऐकलात ना जबाब? मग उजेडाचं काय लिहून घेऊ?"

नानांनी मुलाकडे पाहिले. नंतर त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहिले.

"एकाच गाडीच्या दिव्यात भाच्याने मामाला ओळखलं," ते म्हणाले. "लिहून घ्या. उजेड पुरेसा होता."